एकाच घरातले दोघे भाऊ: एकाच्या दिवसाला तीन, दुसऱ्याच्या अठरा. फरक कशाने पडतो?

गोदाकाठचा_कारकून (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही दोघे भाऊ. वयात चार वर्षांचे अंतर, शाळा एकच, आणि लहानपण पंचवटीतल्या वाड्याच्या दोन खोल्यांत एकत्र गेलेले. वडिलांना सुपारीच्या खांडाचेही व्यसन नव्हते. मी आता कॉलेज रोडला राहतो, बँकेत नोकरी करतो आणि दिवसाला तीन सिगारेटी ओढतो. धाकटा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो आणि त्याच्या दिवसाला अठरा विड्या होतात. घरात विषय निघाला की निकाल ठरलेला असतो: थोरल्याचा मनावर ताबा आहे, धाकटा वाहवत गेला. हे वाक्य मला बरीच वर्षे सोयीचे वाटत आले. अलीकडे ते ऐकताना ओशाळल्यासारखे होते, कारण आमच्या शाखेत ग्राहकांची रांग सोडून बाहेर पडताच येत नाही आणि माझ्या ‘तीन’चे श्रेय त्या रांगेला आहे, हे मला पक्के ठाऊक आहे.

या निमित्ताने २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाचे भारतातील आकडे वाचले. २००९-१० मध्ये देशातील १४ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, ते प्रमाण १०.७ टक्क्यांवर आले. पुरुषांत ते १९ टक्के आणि स्त्रियांत २ टक्के आहे. महाराष्ट्रात तर ६.६ वरून ३.८ टक्क्यांपर्यंत घट झाली. इथवर सारे ठीक. मात्र त्याच काळात रोज विडी ओढणाऱ्याची सरासरी ११.६ वरून १५.१ विड्यांवर गेली आणि रोज सिगारेट ओढणाऱ्याची ६.२ वरून ६.८ वर गेली. ओढणारे कमी झाले आणि उरलेले अधिक ओढू लागले, असा याचा अर्थ घ्यायचा का? कोण ओढतो याची चर्चा पुष्कळ होते. जो ओढतो तो किती ओढतो हे वय, शिक्षण, काम, पैसा, शेजार यांपैकी कशावर ठरते, यावर आपले अनुभव वाचायला आवडतील. उपदेश नकोत, ते घरी पुरेसे मिळतात.

सरासरीचा_शत्रू

आकड्यांचा अर्थ लावताना एक काळजी घ्यावी लागेल. जे दिवसाला दोन-तीन ओढत होते, त्यांना सोडणे तुलनेने सोपे गेले असणार आणि ते मोजणीतून बाहेर पडले असणार. मागे राहिले ते मोठे ओढणारे. अशा वेळी एकाही माणसाने एकही विडी वाढवलेली नसली तरी सरासरी चढते. वर्गातून हुशार मुले वरच्या तुकडीत गेली की खालच्या तुकडीची सरासरी उतरते, तसेच हे आहे.

दुसरे असे की टक्केवारी उतरली म्हणजे माणसे कमी झाली असे होत नाही. १९९८ ते २०१५ या काळात भारतात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण घटले. तरीही लोकसंख्या वाढल्यामुळे १५ ते ६९ या वयोगटातील त्यांची संख्या सुमारे ७.९ कोटींवरून १०.८ कोटींवर गेली. शिवाय तरुणांमध्ये विडीची जागा सिगारेट घेत आहे, त्यामुळे ‘किती’ हा आकडा ‘काय’ हे सांगितल्याशिवाय अपुरा राहतो.

टेंभुर्णी

वरील शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. धागाकर्त्यांनी तीन आणि अठरा हे आकडे एकाच तराजूत टाकले आहेत. एका विडीत सिगारेटीच्या साधारण चौथाई तंबाखू असते. त्या हिशेबाने अठरा विड्यांची तंबाखू साडेचार सिगारेटींइतकी होते आणि दोघा भावांमधले अंतर बरेच आटते. अर्थात यावरून धाकट्याने खूश होण्याचे कारण नाही. पान सच्छिद्र नसल्याने विडी वारंवार विझते आणि ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. त्यामुळे इवल्याशा विडीतूनही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटीपेक्षा कमी जात नाही.

मी सिन्नरचा. आई तीस वर्षे विड्या वळत होती. कारखान्यातून तोलून आणलेली पाने रात्री ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपात जर्दा घेऊन बसायची आणि दिवेलागणीपर्यंत हजारीचा आकडा गाठायची. पंचवीस-पंचवीसचे बंडल बांधताना तिची बोटे इतकी सवयीची झाली होती की ती मोजत नसे. बंडलाच्या जाडीवरून चोविसावी आणि पंचविसावी तिला कळत असे. घरात तंबाखूचा ढीग असायचा, कमी प्रतीच्या म्हणून परत आलेल्या विड्या फुकट मिळायच्या, तरीही आमच्या घरात कोणीही विडी ओढली नाही. ‘सहज मिळते म्हणून माणूस ओढतो’ असे कोणी म्हणाले की मला आमची ओसरी आठवते. आईला खोकला मात्र न ओढताच लागला.

रात्रपाळी_सातपूर

धाकट्या बंधूंच्या बाजूने लिहितो, कारण मी त्याच जातकुळीतला आहे. माझी बावीस वर्षे सातपूरला गेली. कारखान्यात न ओढणाऱ्या कामगाराला विश्रांती मागायला कारण लागते. ओढणाऱ्याला लागत नाही. ‘साहेब, दोन मिनिटे जाऊन येतो’ एवढे म्हटले की मशीन सोडता येते. सुपरवायझर स्वतः ओढणारा असेल तर प्रश्नच मिटला. मी चोविसाव्या वर्षी विडी हातात घेतली ती चवीसाठी नव्हे, तर पाय मोकळे करण्यासाठी. ऐकायला बहाणा वाटेल, पण माझ्यासोबत लागलेल्या सात जणांपैकी पाच जण याच वाटेने गेले.

रात्रपाळीचा हिशेब आणखी वेगळा असतो. पहाटे तीन ते पाच या वेळेत डोळा लागू नये म्हणून जे ओढले जाते, त्याची दिवसाच्या विड्यांशी तुलना करू नये. दिवसपाळीला माझ्या बारा होत, रात्रपाळीच्या आठवड्यात वीस. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी आणि कामाच्या ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम लागू झाले आणि आमच्याकडे शेडच्या आत ओढणे खरोखर बंद झाले. गेटपर्यंत चालत जाऊन यायला अकरा मिनिटे लागत. त्या वर्षी माझ्या चार विड्या आपोआप कमी झाल्या. दंड २०० रुपयांपर्यंतचा होता, पण मला अडवले ते दंडाने नव्हे, अंतराने.

गोदाकाठचा_कारकून (धागाकर्ता)

@टेंभुर्णी, साडेचार आणि तीन हा हिशेब धाकट्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, “आईला सांग.”

@रात्रपाळी_सातपूर, अकरा मिनिटांचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. आमच्या शाखेतली रांग हीच माझी अकरा मिनिटे.

स्पष्टवक्ता_नाशिकरोड

क्षमा असावी, पण हे सगळे ऐकून परिस्थितीचे भांडवल करण्याची आपली जुनी खोड आठवली. माझे वडील नाशिक रोडला नोकरीत असताना दिवसाला दोन पाकिटे ओढत. एके दिवशी ‘बस’ म्हणाले आणि सोडली. ना गोळी, ना समुपदेशन. मनात आणले तर माणूस सोडतो, आणि मनात नसले तर त्याला पाळी, साहेब, गेट, सगळी कारणे सापडतात.

उंबरा

@स्पष्टवक्ता_नाशिकरोड, वडिलांनी कोणत्या वर्षी सोडली आणि त्या सुमारास घरात आणखी काय घडले, हे सांगाल का? खोचकपणे विचारत नाही.

स्पष्टवक्ता_नाशिकरोड

निवृत्त झाले त्याच महिन्यात. क्वार्टर सोडून आम्ही दिंडोरी तालुक्यातल्या गावी राहायला गेलो. तिथे त्यांचे थोरले बंधू, म्हणजे आमचे आबा, होते. वडील आबांसमोर कधीही ओढत नसत.

आपण कुठे नेत आहात ते माझ्या लक्षात आले आहे. तरीही सोडली त्यांनीच, आबांनी नव्हे.

उंबरा

श्रेय त्यांचेच, त्याबद्दल दुमत नाही. माझे म्हणणे एवढेच की नाशिक रोडला त्यांना दिवसाचे चौदा तास कोणी पाहणारे नव्हते आणि गावी एकही तास तसा नव्हता. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर न ओढण्याची जी रीत आहे, तिच्याकडे आपण संस्कार म्हणून पाहतो. पण आकड्यांच्या दृष्टीने ती रोजची मर्यादा आहे. एकत्र कुटुंबातल्या पुरुषाला गच्चीवर किंवा नाक्यावर जावे लागते, तर खोली घेऊन एकट्याने राहणाऱ्याला उशाशी थोटकांची बशी ठेवता येते. लग्न झालेल्यांपेक्षा एकटे, विभक्त किंवा विधुर झालेले पुरुष जास्त का ओढतात, याचे निदान एक कारण तरी इथे आहे.

याच मुद्द्यावर अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या १२,०६७ जणांचा १९७१ ते २००३ या काळातला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात जोडीदाराने सोडल्यावर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. मित्राने सोडल्यास ३६ टक्क्यांनी, लहान कंपनीतल्या सहकाऱ्याने सोडल्यास ३४ टक्क्यांनी आणि भावंडाने सोडल्यास २५ टक्क्यांनी. धागाकर्त्यांनी शेवटच्या आकड्याकडे अवश्य पाहावे.

मिसळप्रेमी_४२२

आमच्या सौभाग्यवती मुळात ओढतच नाहीत. तेव्हा ते ६७ टक्के मिळवण्यासाठी त्यांना आधी सुरू करायला सांगावे लागेल, आणि हा प्रस्ताव मांडल्यावर माझी स्वतःची शक्यता शंभर टक्क्यांनी कमी होईल अशी भीती वाटते.

तवा_आणि_मशेरी

पुरुषांच्या गप्पा चालल्या आहेत, म्हणून थोडे वेगळे लिहिते.

मी एकेकाळी पुण्यात शिकत असताना दिवसाला पाच-सहा सिगारेटी ओढत असे. नाशिकला परतल्यावर त्या एकदम शून्यावर आल्या. मी काही निश्चय केला नव्हता. गंगापूर रोडच्या टपरीवर उभी राहिले असते तर संध्याकाळपर्यंत बातमी इंदिरानगरला मावशीकडे पोहोचली असती. आजही कामासाठी मुंबईला गेले की दोन होतात आणि कसारा घाट चढून आले की नाहीत. माझ्या बाबतीत स्त्री असणे, शहर आणि ओळखीची माणसे हे सगळे घटक मिळून एकच गोष्ट ठरवतात: कोण बघत आहे. म्हणूनच स्त्रियांचा २ टक्के हा आकडा वाचताना मला नेहमी वाटते की दारात सासूबाई उभ्या असताना माहिती घेणाऱ्या ताईंना कोणी काय सांगितले असेल. नोकरी, पैसा आणि एकटीचे घर असलेल्या मुलींमध्ये हे चित्र बदलते आहे आणि त्याचा फायदा घ्यायला बाजार टपलेला असतो. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींच्या हाती सिगारेटी देऊन त्यांना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणवणारा एडवर्ड बर्नेज हा तंबाखू कंपनीचाच प्रसिद्धी सल्लागार होता.

आणि महाराष्ट्र ३.८ टक्क्यांवर आहे म्हणून हुरळून जाऊ नये. त्याच सर्वेक्षणात राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात आणि एकूण तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया १७ टक्के आहेत. माझी निफाडची आजी लोखंडी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची. त्या वासाने आम्ही नातवंडे शिंकत अंगणात पळायचो. मग ती कुटून डबीत भरायची आणि दिवसातून चार वेळा दात घासायची. तिला कोणी व्यसनी म्हटले असते तर तिने काठी उगारली असती. पुरुष चुना मळून बार भरतात, बाया मशेरी लावतात. आपल्याकडे धूर कमी आहे तो तंबाखूने दुसरी वाट धरली म्हणून.

द्राक्षबाग_दिंडोरी

ताईंनी नेमके लिहिले आहे. मजुरांबाबतचे माझे निरीक्षण जोडतो. द्राक्षाच्या हंगामात पेठ आणि सुरगाण्याकडून टोळ्या येतात. मुकादम आठवड्याची खर्ची वाटतो, त्या संध्याकाळी विडीची बंडले संपतात आणि चार दिवसांनी तीच माणसे एक विडी दोघांत ओढताना दिसतात. त्यांना कोणी ‘दिवसाला किती’ विचारले तर खर्चीच्या दिवशीचे उत्तर वेगळे आणि आदल्या दिवशीचे वेगळे येईल. निकोटिनने भूक मरते हे त्यांना कोणत्याही पुस्तकाविना ठाऊक आहे. सकाळी भाकरी उशिरा येणार असेल तर आधी विडी पेटते. गरीब माणूस चैनीसाठी ओढतो असे मानणाऱ्यांनी छाटणीच्या दिवसांत एकदा बागेत यावे.

फक्त_एक_सुटी

किमतीबद्दल कोणीच कसे बोलले नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते किंमत १० टक्क्यांनी वाढली की खप श्रीमंत देशांत सुमारे ४ टक्क्यांनी आणि गरीब व मध्यम देशांत सुमारे ५ टक्क्यांनी घटतो. मी विद्यार्थी आहे आणि माझी मर्यादा खिसा हीच आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. आमच्या कॉलेजसमोरच्या टपरीवर मात्र ती बातमी अजून पोहोचलेली नाही. माझा अनुभव उलटा आहे: परीक्षेत एकदा पूर्ण पाकीट घेतले आणि दोन दिवसांत संपवले, एरवी सुटी घेतो तेव्हा दिवसाला एकच होते.

सरासरीचा_शत्रू

तुमच्यापुरते ते खरे असेल, पण सुटी विक्री नसती तर तुम्ही पहिली घेतलीच असती का? सुटी विक्री ओढणाऱ्याला आवर घालते आणि न ओढणाऱ्याला दार उघडते. म्हणून ‘किती जण’ आणि ‘प्रत्येकी किती’ हे प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. शिवाय किमतीचा धाक विडीला लागू पडत नाही. जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले आणि सिगारेट ४० टक्क्यांच्या वर्गात टाकली. टेंभुर्णी यांच्या सिन्नरमधील वळणाऱ्या बाया डोळ्यांसमोर आणल्या की या निर्णयामागचे कारण कळते. ओढणारे डोळ्यांसमोर आणले की ते पटत नाही.

छातीचा_डॉक्टर

धागा चांगला चालला आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण प्रथम ‘डॉक्टर, मी फारच कमी ओढतो’ असे सांगतो. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या विश्लेषणानुसार, दिवसाला वीस ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जो अतिरिक्त धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका दिवसाला एक ओढणाऱ्यालाही असतो. भारतातील मृत्यूंच्या २००८ सालच्या अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे १० वर्षांनी कमी झालेले आढळले. तेव्हा धागाकर्त्यांच्या ‘तीन’ला मी प्रमाणपत्र देणार नाही.

मूळ प्रश्नाबाबत: लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यातले बहुतेक जण कार्यालयातलेच होते. तरीही श्रेणी जितकी खालची तितके ओढणारे अधिक, असेच दिसले. म्हणजे हा प्रश्न केवळ गरिबीचा किंवा निरक्षरतेचा नाही. आपल्या दिवसावर आपला ताबा किती, याच्याशी त्याचा संबंध असावा असे माझे मत आहे. माझ्या रुग्णांपैकी ज्यांना जेवायची वेळही स्वतः ठरवता येत नाही, त्यांना विडीची वेळ तेवढी स्वतःची वाटते.

चिलीम_तपोवन

२०१५ च्या कुंभात साधुग्रामात मी जे पाहिले, त्यावरून ताबा, श्रेणी, वडीलधारे हे सर्व सिद्धांत...

संपादक

चिलीम वेगळ्या धाग्यावर पेटवावी. २०२७ जवळ आले आहे, तिथे भरपूर प्रतिसाद मिळतील.

गोदाकाठचा_कारकून (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. उंबरा आणि रात्रपाळी_सातपूर यांचे प्रतिसाद वाचल्यावर मी धाकट्याला एक विनंती केली: सोडू नकोस, कमीही करू नकोस, फक्त प्रत्येक विडी कुठे आणि कोणासोबत ओढलीस ते दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिही. तो पाथर्डी फाट्याला आईसोबत राहतो. त्याने अट घातली की मीही लिहावे.

दिवसपाळीला त्याच्या सरासरी सतरा झाल्या; त्यांपैकी अकरा गेटजवळच्या टपरीवर, त्याच चार जणांसोबत. साप्ताहिक सुट्टीला तो आईसोबत घरी असताना पाच, पाचही गच्चीवर. मधल्या आठवड्यात त्या चौघांपैकी एक जण आजारी होता, त्या दिवसांत अकराच्या आठ झाल्या. रात्रपाळीच्या आठवड्यात एकवीस.

आता माझा रकाना. शाखेत असताना तीन, कधी दोन. पण याच काळात मला चार दिवस प्रशिक्षणासाठी मुंबईला जावे लागले. हॉटेलात एकटा, खोलीला गॅलरी, सायंकाळी पाचनंतर काम नाही. दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी नऊ, चौथ्या दिवशी आठ. दोन्ही रकाने शेजारी ठेवले तेव्हा धाकटा काही बोलला नाही. त्याने माझ्या ‘नऊ’ला पेन्सिलने गोल केला आणि दिनदर्शिका पुन्हा खिळ्याला अडकवली.

स्पष्टवक्ता_नाशिकरोड

हे वाचले. वडिलांविषयी माझे मत तेच आहे, पण आबांचेही थोडे ऋण मान्य करतो.

छातीचा_डॉक्टर

उत्तम नोंद. आणखी एक गोष्ट लिहायला सांगा: उठल्यापासून पहिली विडी किती मिनिटांनी. अवलंबित्व मोजताना आम्ही संख्येच्या बरोबरीने तेच विचारतो. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर टपरीवरची संगत बदलून भागत नाही, औषधाची मदत लागते. पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या विनामूल्य क्रमांकावरही बोलता येते.

गोदाकाठचा_कारकून (धागाकर्ता)

विचारले. दिवसपाळीला उठल्यानंतर सव्वा तासाने, कंपनीच्या बसची वाट पाहताना. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी उठल्यावर, चहाच्याही आधी.